पालथ्या अंगाने आकाशात

रोलर कोस्टरमध्ये माणूस बसतो. फ्लाइंग कोस्टरमध्ये तो पालथा होतो. रूळ पाठीच्या वर, तोंड जमिनीकडे, हात मोकळे आणि पोटाखाली नुसती हवा. गाडी सुटण्याआधी, फलाटावर असतानाच आसन मागून उचललं जातं. पाय मागे जातात, छाती पट्ट्यांवर रेलते, आणि आतापर्यंत समोर दिसणारी रांग, कठडा, लॉक तपासणारा मुलगा हे सगळं नजरेच्या वरच्या कडेला सरकतं. खाली फक्त फलाटाची फरशी उरते. मग तीही संपते.

बदल एवढाच आहे, पण त्याने अनुभवाची जातच बदलते. जगातल्या बहुतेक प्रसिद्ध फ्लाइंग कोस्टरचा वेग ताशी ७५ ते १०० किलोमीटरच्या दरम्यान आहे. मोकळा मार्ग मिळाला की मध्य रेल्वेची जलद लोकलही त्याच्या आसपास धावते. उंचीच्या शर्यतीत तर ही यंत्रं मागेच राहिली आहेत. तरीही त्यांवरून उतरलेला माणूस वेगाबद्दल फारसं बोलत नाही, उडण्याबद्दल बोलतो. पुढच्या पानांवर या यंत्रांची ओळख करून दिली आहे, आणि तिच्या मुळाशी एकच म्हणणं आहे: उडण्याची भावना इंजिनाच्या किंवा उंचीच्या जोरावर येत नाही, शरीर कोणत्या स्थितीत आणि किती भरवशाने धरून ठेवलं आहे, त्यातून ती येते.

हा विषय ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या वाचकाला दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. नवरात्रात कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी जत्रा भरते तेव्हा आकाशपाळण्याच्या रांगेत आजोबा आणि नात एकत्र उभे असतात. पाळणा माथ्यावरून खाली येऊ लागला की दोघांच्याही पोटात सारखाच गोळा येतो. शाळेच्या सहली ठाण्यात मानपाड्याच्या टिकुजिनी वाडीला आणि घोडबंदर रस्त्यावरच्या सूरज वॉटर पार्कला जात आल्या आहेत. १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं, तेव्हा डोंबिवलीच्या मुलांसाठी ती दिवसभराची मोहीम होती. पहाटेची लोकल, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मालाड किंवा बोरिवलीहून बस आणि शेवटी खाडीतली लाँच. मोठ्या राइडची पहिली भीती या भागातल्या एका अख्ख्या पिढीने त्या लाँचमध्ये, पाण्यापलीकडचे सांगाडे दिसू लागताच अनुभवली. ते उद्यान पुढे बंद झालं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना मात्र तिथला हूला लूप अजून आठवतो.

एप्रिल २०१३ मध्ये नकाशा बदलला. रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर मनमोहन शेट्टी यांचं अॅडलॅब्स इमॅजिका उघडलं. हेच आजचं इमॅजिका. २०२२ मध्ये त्याची सूत्रं संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे गेली. कल्याण-डोंबिवलीकरांना हे ठिकाण गोराईपेक्षा सोपं. खोपोलीची लोकल मिळाली की गाडी बदलायची गरज नाही. कर्जतनंतर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी शांत स्थानकं जातात, उजव्या-डाव्या हाताला सह्याद्री जवळ येत राहतो, आणि खोपोलीला उतरून पुढचा थोडा रस्ता गाडीने. तिथे नायट्रो उभा आहे.

नायट्रो हा फ्लाइंग कोस्टर नाही. तो फ्लोअरलेस, म्हणजे तळ नसलेला कोस्टर आहे. तरी महाराष्ट्रात राहून उडण्याच्या सर्वांत जवळ नेणारं यंत्र तेच, आणि त्याचं घराणंही तेच. १९८८ मध्ये वॉल्टर बोलिजर आणि क्लॉड माबिलार या दोन अभियंत्यांनी स्वित्झर्लंडमधल्या माँथे गावी बोलिजर अँड माबिलार ही कंपनी काढली. शौकीन तिला बी अँड एम म्हणतात. १९९२ मध्ये त्यांनी 'बॅटमॅन: द राइड'मधून प्रवाशांना रुळांखाली टांगलं आणि पाय मोकळे सोडले. १९९९ मध्ये 'मेड्यूसा'त प्रवासी पुन्हा रुळांच्या वर आले, पण पायांखालची फरशी काढून घेतली गेली. २००२ मध्ये प्रवासी पालथा झाला. या क्रमाकडे नीट पाहिलं तर कळतं, की दर वेळी माणसाभोवतालचं काही ना काही काढून घेतलं गेलं: आधी डब्याच्या भिंती, मग फरशी आणि शेवटी बसण्याची सवय. खोपोलीचा नायट्रो या घराण्यातलं भारतात आलेलं पहिलं यंत्र. त्याची उंची १३२ फूट, म्हणजे सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटर, आणि वाटेत पाच वेळा जग उलटं होतं.

पहिल्या ओळीत बसलेल्याला हे सर्वांत जास्त जाणवतं. फलाटावर पायांखालची फरशी सरकते, समोरचं फाटक उघडतं आणि साखळी गाडीला चढणीवर ओढू लागते. पुढे डबा नाही, खाली तळ नाही. दोन पायांच्या मधून रूळ दिसतात, आणि त्यांच्या बाजूने खालापूरचं हिरवं किंवा उन्हाळ्यात करपलेलं रान. पावसाळा संपल्यावरचे दिवस यासाठी उत्तम, कारण माथ्यावरच्या त्या छोट्याशा थांब्यात डोंगर धुऊन काढल्यासारखे स्वच्छ दिसतात. तो थांबा फार टिकत नाही.

तरी एक गोष्ट उरतेच. नायट्रोवर माणूस शेवटी बसलेला असतो, आणि बसलेलं शरीर स्वतःला प्रवासी समजतं.

पालथं होऊन उडणं ही कल्पना मात्र विमानाइतकीच जुनी आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिल राइट किटी हॉकच्या वाळूवरून उडाले, तेव्हा ते खालच्या पंखावर पोटावर झोपले होते. ते उड्डाण १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं. झोपल्याने वाऱ्याचा अडथळा कमी होतो, हे त्यामागचं साधं कारण. पुढे विमानांना खुर्च्या आल्या आणि वैमानिक बसला. पुण्याच्या वाटेवर कामशेतला पॅराग्लायडिंग शिकणारेही झोळीवजा आसनात बसूनच हवेत जातात. पालथं उडणं हँग ग्लायडरवाल्यांकडे राहिलं, आणि शतकाच्या अखेरीस ते करमणुकीच्या यंत्रांत परतलं.

सुरुवात लहान होती. १९९७ मध्ये मँचेस्टरच्या ग्रॅनाडा स्टुडिओच्या आवारात स्कायट्रॅक नावाचा कोस्टर आला. एका गाडीत एकच माणूस, तोही पालथा. वर्षभरातच तो बंद पडला. २००० मध्ये नेदरलँड्सच्या व्हेकोमा कंपनीने कॅलिफोर्नियात सांता क्लारा इथे 'स्टेल्थ' उभा केला, आणि त्यातली युक्ती आजही थक्क करते. प्रवासी गाडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतात. मग आसनं मागे रेलतात आणि माणूस उताणा, डोकं पुढे अशा स्थितीत चढण चढतो. त्याला फक्त आकाश दिसतं. माथ्यावर रूळ पिळला जातो, अख्खी गाडी कुशीवर वळते, आणि आकाशाच्या जागी जमीन येते.

व्हेकोमाच्या त्या पिळात नाट्य होतं. अनुभवाची प्रत मात्र बी अँड एमने वाढवली, आणि त्यांचा पहिला फ्लाइंग कोस्टर इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या आल्टन टॉवर्स उद्यानात मार्च २००२ मध्ये धावला. नाव 'एअर'. त्या उद्यानाला झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच काही बांधता येत नाही, म्हणून यंत्र जेमतेम २० मीटर उंच आणि ताशी ७५ किलोमीटर वेगाचं राहिलं. नियमाचं हे बंधन पथ्यावर पडलं. उंची नसल्याने गाडी जमिनीच्या आणि झाडोऱ्याच्या अगदी जवळून नेली गेली, आणि पालथ्या माणसाला नाकाखालून गवत पळताना दिसू लागलं. उडण्याची जाणीव उंचीवर सर्वांत तीव्र असते, असं वाटणं साहजिक आहे. खरं तर जमीन जवळून पळते तेव्हाच डोळ्यांना वेग मोजता येतो. वर, मोकळ्या आकाशात, मोजायला काही नसतं.

याच एअरची पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०१६ मध्ये तिचं नाव 'गॅलॅक्टिका' झालं आणि प्रवाशांच्या डोळ्यांवर आभासी वास्तवाचे चष्मे चढले. अंग स्टॅफर्डशायरच्या झाडांतून उडत होतं, डोळे अंतराळात होते. काही वर्षांतच ते चष्मे काढून टाकले गेले आणि झाडं परत मिळाली. चष्मे घालणं, घट्ट करणं, पुसणं यात वेळ जात होता, हे व्यवहाराचं कारण झालं. पण खरी झाडं समोर असताना चित्रातले तारे कशाला, हा प्रश्नही होताच, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच मोठा.

उलट टोकाचा प्रयोग खोपोलीत पाहता येतो. इमॅजिकातल्या 'आय फॉर इंडिया'मध्ये प्रेक्षक पाय लोंबकळते ठेवून भव्य वळणदार पडद्यासमोर बसतो, आणि हवेतून टिपलेला भारत त्याच्या पायांखालून जातो. आसन थोडं झुकतं, थोडं उचलतं. या जातीच्या नाट्यगृहांना लोकप्रिय केलं ते कॅलिफोर्नियात २००१ मध्ये सुरू झालेल्या डिस्नेच्या 'सोअरिंग'ने. तिथे शरीर जवळजवळ जागेवरच असतं आणि तरी पडद्यावर कडा आला की बाजूच्या आजी खुर्ची घट्ट धरतात. म्हणजे डोळे एकटेही शरीराला फसवू शकतात. मात्र ती फसवणूक सौम्य राहते, कारण आतला कान तिला साक्ष देत नाही.

तो आतला कान हा या सगळ्याचा खरा प्रवासी आहे. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, त्या डोक्याचं वळणं टिपतात. शिवाय सूक्ष्म स्फटिकांचा भार पेलणारे दोन छोटे अवयव आहेत, ते खाली कुठे आहे हे सांगतात. माणूस उभा किंवा बसलेला असताना यांचा आणि डोळ्यांचा हिशेब आयुष्यभराच्या सवयीने जुळलेला असतो. पालथं होऊन, मान उचलून, डोकं पुढे ठेवून वेगाने जाण्याची सवय मात्र पोहणाऱ्यांखेरीज फारशी कुणाला नसते. मेंदूकडे या स्थितीची जुनी नोंदच नाही, म्हणून तो तिला नवं काहीतरी मानतो. उडण्याचं स्वप्न पडलेल्या माणसाला हे वाचून ओळख पटेल.

शरीरावरच्या जोराचंही असंच. बसलेल्या माणसाची गाडी खोल वळणातून वर उसळते, तेव्हा जोर डोक्याकडून पायांकडे लागतो. रक्त खाली ओढलं जातं, आणि जोर फार असेल तर डोळ्यांपुढे करडा पडदा येतो. आडव्या शरीरात तो छाती आणि पाठ यांच्या दरम्यान आरपार जातो. मेंदूचं रक्त बऱ्याच अंशी जागच्या जागी राहतं, श्वास मात्र जड होतो. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून अंतराळात निघाले तेव्हा पाठीवर रेललेले होते, त्याचं कारणही हेच. फ्लाइंग कोस्टरच्या रचनाकारांनी या शास्त्राचा सुंदर उपयोग केला. पालथा माणूस पट्ट्यांवर लटकलेला असतो. त्या स्थितीत दुप्पट-तिप्पट वजन छातीवर आलं तर त्याला ते सोसणार नाही. म्हणून पालथ्या भागात वळणं मऊ ठेवतात आणि सर्वांत मोठा जोर तो उताणा असताना लावतात. २००२ मध्ये जॉर्जियातल्या 'सुपरमॅन: अल्टिमेट फ्लाइट'वर प्रथम आलेला प्रेट्झेल लूप म्हणजे नेमकं हेच. गाडी माथ्यावरून तोंडावर सूर मारते, तळाशी पोचेपर्यंत प्रवासी पाठीवर आलेला असतो, आसन त्याला खालून झेलतं, आणि गाडी पुन्हा वर चढते. कॅलिफोर्नियातल्या 'तात्सू'चा (२००६) असा लूप सुमारे ३८ मीटर उंच आहे. तळाशी बोट उचलणं कठीण होतं, असं तिथे बसलेले सांगतात, आणि ते अतिशयोक्त वाटत नाही.

महाराष्ट्राला उलटं, आडवं, लटकतं शरीर नवं नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी ज्याला नवं जीवन दिलं, तो मल्लखांब आजही ठाण्या-डोंबिवलीच्या व्यायामशाळांत शिकवला जातो. दोरीच्या मल्लखांबावर मुलगी डोकं खाली, हात पसरून, जमिनीपासून कित्येक फूट वर थांबते. तिला कुणी धरलेलं नसतं. दोरीचा वेढा आणि स्वतःच्या पायांची पकड एवढाच तिचा आधार, आणि तो तिने वर्षानुवर्षं कमावलेला. कोस्टरमध्ये हेच सगळं यंत्राकडे सोपवलेलं असतं. खांद्यांवरून येणारं जाकिटासारखं बंधन छाती आणि पोट धरतं, नडग्यांना वेगळ्या झडपा असतात, आणि लॉक एकदा बसलं की ते प्रवाशाच्या हाताने उघडत नाही. मल्लखांबपटूला भरवसा कमवावा लागतो. राइडमधल्या माणसाला तो उसना मिळतो. उसना म्हणून तो हलका ठरत नाही. मात्र तो देणाऱ्यावर जबाबदारी मोठी येते.

या भरवशामागची यंत्रणा डोंबिवलीकराला अपरिचित नाही. कोस्टरचा मार्ग ब्लॉकमध्ये विभागलेला असतो आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा ब्लॉक मोकळा नसेल तर मागची गाडी ब्रेकवर थांबते. मध्य रेल्वेचे सिग्नल याच तत्त्वावर चालतात. गाडी कोपर आणि दिवा यांच्या दरम्यान विनाकारण उभी आहे असं वाटतं, तेव्हा बहुधा पुढचा ब्लॉक भरलेला असतो. चाकांचं गणितही पक्कं. रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तीन दिशांनी चाकं रुळाला कवळून धरतात. खालच्या चाकांचं पेटंट अमेरिकेच्या जॉन मिलरने १९१९ मध्ये घेतलं. त्यानंतर गाडी रुळावरून उचलली जाण्याची चिंता मिटली, आणि आजचे सगळे उलटेपालटे मार्ग शक्य झाले.

इथे एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. वारा तोंडावर घेत, अंग बाहेर काढून वेगाने जाण्याचा अनुभव या भागात रोज हजारो माणसं घेतात, आणि त्यात आनंद नसतो. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. त्यांनी थरार मागितला नव्हता, त्यांना कामावर जायचं होतं. वेग जवळपास तेवढाच, बाजूच्या गाडीपासून अंतर हातभर, आणि धरून ठेवणारं काहीच नाही. करमणुकीच्या यंत्रात माणसाला इतकं घट्ट धरायला जमतं आणि रोजच्या गाडीत जमत नाही, ही तुलना मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

करमणुकीची यंत्रंही चुकतात. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी झोक्यासारखी राइड तुटून दोघांचा मृत्यू झाला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीतल्या एका उद्यानात रोलर कोस्टरवरून पडून एक तरुणी दगावली. राइडच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक आहे, पण मानक कागदावर असणं आणि रोज सकाळी रिकामी गाडी फिरवून, लॉक एकेक ओढून पाहणं यात फरक आहे. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यांना तर याची अधिक गरज आहे. मोठ्या उद्यानात अभियंते कायमचे असतात. जत्रेतला सांगाडा दर काही दिवसांनी उतरवून नव्या गावी उभा केला जातो.

बी अँड एमचा एकही फ्लाइंग कोस्टर आजवर भारतात आलेला नाही. ज्यांना फ्लाइंग कोस्टर अनुभवायचा आहे त्यांना परदेशी जावं लागतं. ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये मार्च २०१६ पासून 'फ्लाइंग डायनासोर' धावतो. त्याचा मार्ग १,१२४ मीटर लांब आणि गोष्ट अशी, की पंखवाल्या प्राचीन सरड्याने प्रवाशाला पाठीवरून उचललं आहे. टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि टोकियोहून ओसाका शिंकान्सेनने सुमारे अडीच तासांवर. ठाण्या-डोंबिवलीहून तिकडे नोकरीला गेलेल्यांच्या सुट्टीच्या बेतात हे उद्यान सहज बसतं. युरोपात जर्मनीतल्या ब्र्यूल इथे फँटासियालँडचा 'एफ.एल.वाय.' सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाला. लांबी १,२३६ मीटर आणि चढण साखळीची नाही; प्रवाशाला पालथ्या स्थितीतच जोराने पुढे फेकलं जातं.

या यंत्रांची एक अडचण आहे, आणि तिच्याचमुळे ती संख्येने कमी आहेत: प्रवासी चढवायला वेळ लागतो. छाती, पोट, नडग्या हे सगळं बांधायचं, तपासायचं, मग आसन उचलायचं. म्हणून अशा अनेक कोस्टरना दोन फलाट दिलेले असतात. एका फलाटावरून गाडी सुटते तेव्हा दुसऱ्यावर लॉक लागत असतात. उद्यानाच्या मालकाला हा वेळ महाग पडतो. पण उडण्याचा सगळा अनुभव याच संथ मिनिटांवर उभा आहे.

हृदयविकार, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर या राइडपासून दूर राहावं, आणि उंचीच्या पट्टीशी मुलाला चवड्यांवर उभं करून पुढे ढकलू नये. बाकीच्यांनी खोपोलीला गेल्यावर नायट्रोच्या पहिल्या ओळीसाठी वेगळं थांबावं. रांग लांब असली तरी तो वेळ वाया जात नाही. चष्म्याला दोरी लावावी, मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा. आणि लॉक तपासणारा मुलगा तुमच्या खांद्यावरचा पट्टा दुसऱ्यांदा ओढून पाहू लागला, तर मागून कुणी कितीही ओरडलं तरी त्याला घाई करू नका.